रामनगरचे बांधलेले गठ्ठे

अक्का, मंगळवारी तुमचं तेरावं झालं. आज शुक्रवार. सोमवारी दिल्लीच्या संस्थेच्या बाई आपल्या पुस्तकांच्या यादीची कार्डं न्यायला येणार आहेत, आणि मला भीती वाटते आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी मला स्मरणिकेसाठी तुमच्याबद्दल लिहायला सांगितलं. म्हणाले, जन्म कधीचा, शिक्षण काय, कॉलेजात किती वर्षं शिकवलं ते सगळं आम्ही टाकतो, तू फक्त आठवणी लिही. मी हो म्हणालो. पण लिहायला बसलं की एकच आठवण दारात येऊन उभी राहते आणि बाकीच्यांना आत येऊ देत नाही. तेव्हा तीच आधी सांगून टाकतो. रामनगरच्या एक्केचाळीस कार्डांवर मी "पाहिलं" अशी खूण केली आहे. मी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो. नंतर पुन्हा विचारलंत तेव्हा दुसरं खोटं बोललो. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

लिहून झालं. अक्षर वाकडं आलंय, पण झालं.

तुमच्याच खोलीत बसलोय. तुमच्या भाच्यानं, माधवनं, पलंग उभा करून भिंतीला लावलाय, त्यामुळं खोली उगीच मोठी वाटते. माकडांसाठीची तुमची काठी खिडकीपाशी आहे. भिंग टेबलावर आहे, त्याच्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे, मी पुसलेला नाही. आणि समोर ते कपाट, चौदा खणांचं, सहा वर्षांचं आपलं काम. त्याच्याकडं पाठ करून बसता येत नाही. समोर बसूनही लिहिता येत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या मामाच्या दुकानात आलात तो दिवस तुम्ही लोकांना नेहमी सांगायचात, आणि दर वेळी थोडा वाढवून सांगायचात. खरं तर एवढंच झालं होतं. आमचं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या आटपाडीकडची निम्मी पोरं याच कामावर देशभर पांगलेली. मी सातवीत शाळा सोडली आणि चौदाव्या वर्षी मामाबरोबर काशीला आलो. तुम्ही आलात तेव्हा मला इथं वीस वर्षं झाली होती. तुमच्या हातात तुमच्या आईची मोडकी चांदीची पळी होती. मी फोनवर आईशी बोलत होतो, ते तुम्ही ऐकलंत.

"कुठला रे तू?"

"आटपाडीचा."

"आणि इतकी वर्षं काशीत राहून मंगला गौरीच्या देवळाकडं, आमच्या मराठी वस्तीत, कधी आला नाहीस? आम्ही सात पिढ्या इथं बसलोय. मराठी माणूस दिसला की पकडून जेवायला घालायचं, एवढंच काम उरलंय आम्हांला."

मी पळी घेतली, कागदाच्या पुडीत बांधली आणि पुडीवर तुमचं नाव, तारीख, वस्तू, सगळं लिहिलं. तुम्ही पुडी उचलून डोळ्यांजवळ नेलीत. "अक्षर कोणाचं?" माझंच, म्हणालो. "आणि एवढं लिहितोस कशाला?" मी म्हणालो, "दुसऱ्याचा माल आहे. कुणाचा, कधी आला, कुणी घेतला, लिहिलं नाही तर भांडण." तुम्ही मामाकडं वळून म्हणालात, "हेच मी एम.ए.च्या पोरांना जन्मभर शिकवत आले हो. एकाला जमलं नाही."

पुढं तेजाबाच्या, म्हणजे अॅसिडच्या, धुरानं माझी छाती धरली. डॉक्टर म्हणाले, हे काम सोड, नाहीतर हेच तुला सोडेल. गावाला परत जायचं तर काय तोंडानं? तिथं सगळ्यांना वाटत होतं, दत्तू काशीला मोठा झाला. मी तुमच्या दारात आलो आणि खाली बघत म्हणालो, "अक्का, मला दुसरं काही येत नाही."

"लिहिता येतं. चालता येतं. परेशान कशाला होतोस? आत ये. पोहे झालेत."

ते पोहे नव्हते. तो चूडा-मटर होता. सहा वर्षं आपलं त्यावर भांडण चाललं. तुम्ही म्हणायचात, चूडा म्हणजेच पोहे, त्यात मटर पडला म्हणून काय जात बदलली? मी म्हणायचो, फोडणीत शेंगदाणे नाहीत, वर खोबरं नाही, आणि वरून गरम मसाला, हे पोहे कसे? रविवारी माझ्या आईला तुम्ही स्वतः फोन लावायचात आणि पहिलं वाक्य हेच, "तुमचा मुलगा एकदम ठीक आहे, फक्त माझे पोहे खात नाही." आई गावभर सांगायची, काशीच्या बाईसाहेब माझ्याशी बोलतात. तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तुझ्याकडं कोण बघणार रं?" मी म्हणालो, काम आहे ना.

कामाचं इथं लोकांना नीट माहीत नाही, म्हणून सांगतो. दिल्लीच्या एका संस्थेनं तुम्हांला विचारलं होतं की काशीच्या लहान लहान प्रकाशकांनी, घरगुती छापखान्यांनी आजवर विद्वत्तेची कोणती पुस्तकं काढली, कोणती संशोधनाची मासिकं-त्रैमासिकं काढली, त्यातली कोणती अजून मिळतात, याची यादी कराल का. मोठ्या दुकानांची सूची असते. पण चार पंडितांनी मिळून काढलेलं व्याकरणावरचं पुस्तक, एका गुरुजींनी स्वतःच्या घरात छापलेली टीका, यांची कुठं नोंद नाही. ते कागद वाळवी खाते आणि मग तसं काही होतं हेच कुणाला पता नसतं. हे शब्द तुमचे. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. नाव, संपादक, छापखाना, साल, पानं. आणि खाली दोन चौकोन. पहिल्यात मी "प" किंवा "ऐ" लिहायचं. पुस्तक हातात घेऊन, उघडून पाहिलं तर प. कुणी नुसतं सांगितलं तर ऐ. शेजारी माझी सही. दुसऱ्या चौकोनात तुमची सही. कार्ड वाचून, मला उलटसुलट विचारून, तसल्ली झाली की मगच. त्याला तुम्ही "दुसरी नजर" म्हणायचात.

पहिल्या आठवड्यात मी एका पुस्तकाचे संपादक म्हणून भलत्याच माणसाचं नाव लिहून आणलं. पहिल्या पानावर फेट्यातला मोठा फोटो होता, मला वाटलं हेच. तुम्ही चष्मा काढून हसलात. "अरे, हे तर राजेसाहेब! यांनी नुसता फोटो दिलाय. पहिलं पान सोड. नावाच्या पानाच्या पाठीवर बारीक अक्षरात असतं ना, ते बघ. पुढं माणूस मिरवतो, पाठीमागं कबूल करतो."

मग मी पाठ बघायला शिकलो. गल्ल्यांतून हिंडून, जिने चढून, गोदामांतल्या धुळीत. लोक हसायचे. एक म्हातारे प्रकाशक एका कोशाबद्दल दर खेपेला म्हणायचे, प्रेस में है. तुम्ही एकदा स्वतः माझ्याबरोबर आलात आणि त्यांना विचारलंत, "पंडितजी, ग्यारह साल से प्रेस में है? छप रही है कि पक रही है?" ते खो खो हसले आणि मग खाली मान घालून हिशेबाची वही चाळू लागले. परतताना तुम्ही मला म्हणालात, त्या कार्डावर ऐ लिही, आणि नीट अक्षरात लिही. न झालेल्या पुस्तकाचीही लाज राखावी.

आता नावावरून झालेलं भांडण. ते तसंच राहिलं. तुम्ही दिल्लीला कळवलंत की या यादीचा ग्रंथ निघेल त्यावर दोन नावं येतील, तुमचं आणि माझं. मी घाबरलो. म्हणालो, "अक्का, सातवीच्या माणसाचं नाव विद्वानांच्या पुस्तकावर? लोक हसतील. तुमचंही हसं होईल." तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलात की हिंदीत जायचात. "फालतू बात मत करो." मग मराठीत आलात. "दत्तू, नाव मान म्हणून घालत नाहीत रे. उद्या त्यात चूक निघाली तर लोकांनी कोणाला धरायचं? म्हणून घालतात. घरं तू हिंडलास. गठ्ठे तू सोडलेस. मी इथं बसून सह्या केल्या. मला धरून काय मिळणार?"

मी म्हणालो, विचार करतो. तुम्ही म्हणालात, कर, पण जल्दी कर. तिथंच थांबलं ते.

आता गंगेपलीकडचं रामनगर. माघात वसंत पंचमी झाली, त्यानंतरच्या आठवड्यात मी तिकडं गेलो. शुक्लाजींचं प्रकाशन तुम्हांला माहीत होतं, त्यांच्या वडिलांना तुमचे वडील ओळखत. शुक्लाजी तोंडात पान धरून बोलतात, त्यामुळं अर्धं हातवाऱ्यानं समजून घ्यावं लागतं. "आइए मराठा सरदार! फिर गिनती करने आ गए?" असं म्हणून त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथं भिंतीला लागून गठ्ठे मांडलेले. प्रत्येकाला पांढरा कागद गुंडाळलेला, लाल धागा बांधलेला, वर हळदीकुंकू आणि सुकलेलं झेंडूचं फूल. आणि प्रत्येकावर छापील लेबल. ग्रंथाचं नाव, संपादकाचं नाव, पृष्ठसंख्या, सगळं सुबक. मी विचारलं, हे काय काय आहे? ते म्हणाले, "ये सब इस बरस का है." एकेकावर हात ठेवून नावं वाचून दाखवली. मी लिहून घेतली. गठ्ठे उचलून पाहिले, जड होते, पुस्तकांचे असतात तेवढेच. एक्केचाळीस.

मी गठ्ठे सोडले नाहीत.

का सोडले नाहीत ते तुम्हांला कधीच सांगायला हवं होतं, कारण तुम्हांला ते कळलं असतं. गलाईत वीस वर्षं माझ्या हाडात एक गोष्ट भरवलेली होती. बांधलेली पुडी आपण होऊन सोडायची नाही. सोडायची तर मालकानं सोडायची, आपल्यासमोर. पुडीला हात घातला म्हणजे मालकावर संशय घेतला. आमच्या गल्लीत एका पोरानं मालक पाणी प्यायला उठला तेवढ्यात पुडी सोडून बघितली. घेतलं काहीच नाही, नुसतं बघितलं. त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही, तो गावाला परत गेला. आमच्यात नाव लिहिलेली बांधलेली पुडी हातात आली, की ती पाहिली. शुक्लाजींनी स्वतः होऊन सोडलं नाही, मी म्हणालो नाही. बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि एक्केचाळीस कार्डांवर प लिहिलं. माझ्या मनात खोट नव्हती, अक्का. हे एवढं तरी मला म्हणता येतं.

पण संध्याकाळी? संध्याकाळचं काय म्हणू? तुम्ही मटर सोलत होतात. मी कार्डं पुढं ठेवली. तुम्ही वर न बघता विचारलंत, "उघडून पाहिलंस ना?"

त्या क्षणी मला कळलं. पुडीचा नियम आणि कार्डाचा नियम एक नाही. पुस्तकाचं कामच उघडण्याचं. मी तेव्हा म्हणू शकलो असतो, नाही अक्का, उद्या जाऊन येतो. तुम्ही फार तर दोन शब्द बोलला असता, आणि पोहे पुढं केले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर ती भट्टी आली, तो पिवळा धूर आला. वाटलं, या कामालाही आपण लायक नाही असं यांना वाटलं तर? मी म्हणालो, "हो अक्का."

तुम्ही मान हलवलीत आणि सोलत राहिलात. एक दाणा उडून कार्डांवर पडला, तो तुम्ही उचलून तोंडात टाकलात.

श्रावणात त्या मुलीचं पत्र आलं. दिल्लीच्या संस्थेनं आपली थोडी कार्डं नमुना म्हणून संगणकावर टाकली होती, त्यात रामनगरची होती. ती मुलगी कुठंतरी दक्षिणेत पीएच.डी. करते. तिनं लिहिलं होतं की एका टीकाग्रंथाचा ती तीन वर्षं माग काढते आहे, असा ग्रंथ कुणी संपादित केलाय असं तिनं नुसतं ऐकलं होतं, आणि आता तुमच्या यादीत "पाहिलं" असं आहे. मला पहिली चार पानं तरी पाठवा. तुम्ही ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलंत. "बघ दत्तू! आपलं काम कोणाच्या तरी कामी आलं! उद्याच रामनगरला जा, एक प्रत घेऊन ये." तुमचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. मी मनात म्हणालो, बरं झालं, आता जाऊन गठ्ठा सोडून घेतो, म्हणजे ते खोटंही खरं होईल.

बाढ होती. बालाजी घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, नावा बंद. मी ऑटोनं पुलावरून गेलो.

शुक्लाजींनी कार्ड वाचलं. पान थुंकून आले, म्हणजे गोष्ट गंभीर.

"ये? ये तो अभी छपी नहीं है, भैया."

मी म्हणालो, गठ्ठा आहे की. मी पाहिलाय.

"वो तो कोरा कागज है. हर बसंत पंचमी को सरस्वतीजी के आगे रखते हैं. जो-जो छापने का मन है, उसका लेबल लगाकर. पिताजी के टाइम से चला आ रहा है. संकल्प है हमारा."

"पण तुम्ही म्हणालात, इस बरस का..."

"हाँ तो इस बरस का संकल्प! हमने कब कहा कि छप गया? तुम तो चुपचाप लिखते गए. हमको लगा, संकल्प भी गिन रहे होंगे. मराठा लोग हैं, कुछ भी गिन सकते हैं."

ते हसले. मी हसलो नाही. पुलावरून परत येताना खाली ते पाणी, आणि माझ्या पिशवीत एक्केचाळीस कार्डं. मला दम लागत होता, धुराशिवाय.

घरी आलो तर तुम्हांला ताप. डॉक्टर येऊन गेले होते. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मी पायाशी बसलो. तोंडात शब्द तयार होता. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "मिळालं का रे?"

मी म्हणालो, "दुकान बंद होतं, अक्का."

तुम्ही कुशीवर वळलात. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "मग परत जा."

पुढचे चार दिवस तुम्ही पाणी मागितलंत, माधव आला का विचारलंत, खिडकी लावायला सांगितलीत. पण मला सांगितलेलं तुमचं शेवटचं काम तेच. मग परत जा. अक्का, तुम्ही ते कसं म्हणालात? बंद दुकान उद्या उघडतं म्हणून म्हणालात, की मला ओळखून म्हणालात? दिवसातून दहा वेळा मी ते वाक्य कानात वाजवून बघतो. सोनार नाणं वाजवून बघतो तसं. नाद कळत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी माधवला सगळं सांगितलं. तो लखनौला बँकेत आहे, शहाणा आहे, तुमच्यासाठी खूप रडलाय. तो म्हणाला, "दत्तूभाऊ, जाऊ दे ना. इतक्या कार्डांत एक्केचाळीस. कौन देखता है? आता आत्याचं पुस्तक निघू दे एकदाचं. तुम्ही हे सांगितलंत तर ते लोक बाकीच्यांवर तरी भरोसा ठेवतील का? सगळं कपाट परत पाठवतील." त्याचं म्हणणं चूक नाही. त्याच विचारानं माझी झोप गेली आहे. एका दुकानात एक पुडी खोटी निघाली, की त्या दुकानाच्या सगळ्या पुड्या लोक उलट्या करून बघतात. सहा वर्षं. तुमची शेवटची सहा वर्षं. ती माझ्या एका "हो अक्का"पायी जातील का? आणि ती गेली तर मी कुठं जाऊ?

काही न सांगता रामनगरची कार्डं काढून टाकावीत, असंही एकदा मनात आलं. त्यासाठीच मी बुधवारी नववा खण उघडला.

तेव्हा दिसलं, रामनगरला नेताना घाईत माझं लक्ष गेलं नव्हतं. त्या एक्केचाळीस कार्डांवर दुसरा चौकोन रिकामा होता.

मी बाकीचे खण बघितले. सगळीकडं तुमची सही, बारीक, डावीकडं कललेली. तुम्ही कार्ड आठवड्याच्या वर कधी ठेवलं नाहीत. ही माघातली कार्डं. फाल्गुन, चैत्र, वैशाख, तुम्ही चांगल्या हिंडत-फिरत होतात. तुम्ही ही कार्डं नमुन्यात पाठवलीत, कारण दिल्लीला घाई होती, एवढं मला आठवतं. पण सही केली नाहीत. का? विसरलात? तुम्ही? की त्या संध्याकाळी मटर सोलताना वर न बघताच तुम्हांला कळलं होतं, आणि तुम्ही सहा महिने वाट बघत होतात, हा कधी येऊन सांगतो म्हणून? मग ती नमुन्यात जाऊ कशी दिलीत? की पत्र आल्यावर तुम्हांलाही भीती वाटली? तुम्हांला भीती वाटते हे मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं ओळखू शकत नाही.

जमिनीवर बसून राहिलो. माकडं येऊन खिडकीतली केळी घेऊन गेली, मी काठी उचलली नाही.

काल मी परत गेलो, अक्का.

शुक्लाजींना हात जोडून म्हणालो, गठ्ठे तुम्ही सोडा, माझ्यासमोर, सगळे. ते म्हणाले, पूजेचा गठ्ठा कोणी सोडतं का? मी म्हणालो, अक्का गेल्या. त्यांना माहीत नव्हतं. ते बसले. थोड्या वेळानं उठले, हात धुतले, आणि पहिल्या गठ्ठ्याचा धागा सोडला. कोरा कागद. दुसरा, कोरा कागद. ते एकेका लेबलावरचं नाव वाचत आणि सांगत, हे पंडितजी गेले. हे कानपूरला मुलाकडं आहेत, आता ओळखत नाहीत कुणाला. हे गेले. दहाव्या-बाराव्यानंतर त्यांनी सांगणं सोडलं, नुसते धागे सोडत राहिले. दोन गठ्ठ्यांत कागदाच्या वर हातानं लिहिलेल्या प्रती निघाल्या. एकीला वाळवी लागली होती, हात लावताच भुगा झाला. त्या मुलीच्या ग्रंथाचा गठ्ठा मी शेवटी ठेवायला सांगितला होता. त्यात कोराच कागद होता. वरपासून खालपर्यंत मी उलटून पाहिला. प्रत्येक ताव.

शुक्लाजी म्हणाले, "किसी ने आज तक खोलने को नहीं कहा." त्यांच्या तोंडात पान नव्हतं.

आज सकाळी मी तुमच्या टेबलावर बसून ती कार्डं केली. तुमचा नियम होता, खोडायचं ते एका रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे. प वर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, "उघडून पाहिलं. कोरा कागद." दोन कार्डांवर लिहिलं, "हस्तलिखित प्रत आहे, छापील नाही," आणि त्यातल्या एकावर, "वाळवीनं खाल्लेली." खाली तारीख, आणि पूर्ण नाव. दत्तू नाही, दत्तात्रय. नीट अक्षरात. तुम्ही सांगितलं होतंत ना, न झालेल्या पुस्तकाचीही लाज राखावी.

मग त्या मुलीला पत्र लिहिलं. ग्रंथ छापलेला नाही, चूक माझी आहे, असं लिहिलं. ते लगेच पेटीत टाकून आलो. तिची तीन वर्षं मी कुठून परत देऊ? आणि दिल्लीला कळवलं की ग्रंथावर दुसरं नाव राहू द्या. भांडणात तुम्ही जिंकलात म्हणून नाही. चूक निघाली आहे, आता धरायला माणूस पाहिजे.

सोमवारी बाई येतील. मी त्यांना आधी नववा खण दाखवणार आहे, मग म्हणणार आहे, बाकीच्यातलं कुठलंही कार्ड उचला, आपण आत्ता जाऊन पुस्तक उघडू. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. कपाट नेतील की ठेवून जातील, माहीत नाही. आईला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही.

संध्याकाळ झाली. मंगला गौरीची आरती सुरू होते आहे. कार्डं मी पुन्हा खणात लावली. त्या एक्केचाळीसांवरचा दुसरा चौकोन मी कोराच ठेवलाय, अक्का. माधव म्हणाला, मी करू का सही, आत्याच्या जागी? मी नको म्हणालो. त्यानं गठ्ठे पाहिलेले नाहीत, मला उलटसुलट विचारलेलंही नाही.